पाटी क्रमांक सतरा

सूरच्या पुढे, समुद्र डाव्या हाताला ठेवून
अर्धा तास गेलं की हे गाव.
पिकअपमध्ये अठरा पाट्या, खडी, सिमेंटच्या चार गोण्या,
नूरुलचा जेवणाचा डबा
आणि एक नकाशा,
इतिहास जिथे जिथे झाला तिथे फुल्या मारलेला.

बुरूज झाला. मशीद झाली.
पूर्वी गलबतं बांधायचे ती मोकळी वाळू झाली.
तिथली पाटी वाचायला पहिली एक शेळी आली,
खांबाला अंग घासून गेली.

सतराव्या फुलीवर जुनी विहीर.
तपकिरी पत्रा, वर अरबी, खाली इंग्रजी, चार बोल्ट.
मला त्यातले बोल्ट वाचता येतात.

खड्डा हातभर झाला तेव्हा म्हातारा आला,
हमूद बिन खल्फान,
एका डोळ्यात फूल पडलेलं.
म्हणाला, इथे नाही.
नूरुल म्हणाला, चाचा, मॅप.
तो म्हणाला, मॅप कधी इथलं पाणी प्यालाय?

मग काठीनं हवेत एक चाक काढलं.
मंजूर, म्हणाला. मंजूर.
मला वाटलं, कागदाचं विचारतोय.
मी मान हलवली : हो हो, मंजूर, साहेबाची सही आहे.
तो चिडला.
चाक पुन्हा काढलं, आणखी मोठं,
तोंडानं कुईंऽ कुईंऽ आवाज केला
आणि मान खाली घालून
उतारावरून चालत गेला, बैलासारखा.

मी फावडं टाकलं.
आटपाडीकडे, डिझेल इंजिन यायच्या आधी,
याच आवाजानं मला जाग यायची.

मोट! हा मोटेचं बोलत होता.
मंजूर म्हणजे रहाटाचं चाक.
बीर म्हणजे विहीर.
चाकाचं लाकूड साज. साज म्हणजे आपला साग,
तुमच्याकडूनच यायचा, म्हणाला,
गलबत बांधून उरेल तो विहिरीला.

मग मला धाव दिसली.
चोवीस पावलांचा उतार, कडेचे दगड अजून जागेवर.
बैल उतरतो तेव्हा मोट चढते,
हे ज्यानं पाहिलं नाही
तो खालच्या टोकाच्या खोलगटालाच विहीर म्हणणार.
साहेबानं तेच केलं होतं.
आमची फुली होती तिथे बैल थांबायचे.
विहीर वर होती,
वाळूनं गळ्यापर्यंत भरलेली, काठाला बोरीचं झुडूप.

फोन लावला. कुरियन साहेब म्हणाले,
कोऑर्डिनेट हलत नसतात.
पाटी लाव, फोटो पाठव.

आम्ही पाटी लावली.
फोटो पाठवला.
मग पाटी काढली.

खांब खांद्यावर, नूरुल पुढे, मी मागे,
आणि नूरुल माझ्याकडे तोंड करून
उलट्या पावलांनी धाव चढला,
मोट रिकामी झाल्यावर बैल सरकतात तसा.
त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं.
खांब लांब होता, एवढंच.

हमूदनं कॉफी आणली, खजूर आणले.
पत्र्यावर हात फिरवून विचारलं, काय लिहिलंय?
नूरुलनं मदरशातली अक्षरं एकेक जोडली :
बी र.
बस?
खाली बारीक अक्षरात आणखी काही होतं,
नूरुलचं शिक्षण तिथवर पोचत नव्हतं.
बैलाचं नाव नाही? हमूद म्हणाला.
त्याचं नाव अशगर. म्हणजे तांबडा.
मी म्हणालो, आमच्याकडे तांब्या.
तो हसला. पुन्हा म्हणून बघितलं : तां-ब्या.

खालचा खड्डा आम्ही बुजवला.
त्यात फाटकी गोणी, नूरुलचा एक हातमोजा,
खजुराच्या अकरा बिया.
नकाशावरची फुली अजून तिथेच आहे.

अठरावी पाटी राहिली होती.
काहीतरी किल्ला.
हमूद पिकअपमध्ये पुढे बसला,
म्हणाला, चला, तोही चुकीच्या जागी असेल.